बुडबुडा मधोमध

पगार: हातात सतरा हजार दोनशे.
हप्ता: चार हजार पंच्याण्णव, दर महिन्याच्या सात तारखेला,
भांडुपच्या पतपेढीत, जिथे जामीनदार म्हणून
शेजारच्या गुणाजी घाडीगावकरांनी सही केली,
पाणीखात्यात चाव्या फिरवतात ते.
तेव्हापासून जिन्यात भेटले की तब्येत विचारतात.
माझी नाही, नोकरीची.

माझा मावसभाऊ भूषण दहावीनंतर आयटीआयला गेला.
लिफ्ट दुरुस्त करतो, पवईतले चार टॉवर त्याच्याकडे.
एकोणतीस हजार, आणि कर्ज रुपयाचं नाही.
मावशी आमच्याकडे हे कधी बोलत नाही,
फक्त पेढे जरा जास्त आणते.

मी हिशेब करते रात्रपाळीत, मरोळच्या लॅबमध्ये,
मशीन एक नमुना गिळून दुसरा मागेपर्यंतच्या
बावीस मिनिटांत. कागदावर नाही,
इथे सुटा कागद सापडला तर ऑडिटवाले नोकरी मागतात.
तीन वर्षांची फी, जर्नलं, एप्रन,
फुटलेली एक पिपेट, दंड एकशे ऐंशी,
आणि तीन वर्षं जे कमावलंच नाही ते.
हे शेवटचं कुठल्या रकान्यात घालतात
ते कॉमर्सवाल्यांना ठाऊक.
आम्हाला ब्लँक शिकवलं होतं:
पदार्थ न घालता अख्खा प्रयोग करायचा,
जे येईल ते उत्तरातून वजा.
पण न शिकलेली मी
कुठल्या चंचुपात्रात ओतू?

शेवटच्या वर्षी पैसे कमी पडले तेव्हा
आईच्या पाटल्या घेऊन आम्ही मुलुंडला गेलो.
सोनेतारण. काचेमागे टाय लावलेला मुलगा,
डोक्यावर पंखा, समोर काटा.
एकोणीस पॉइंट चार चार, तो म्हणाला.
आईने मान डोलावली,
डॉक्टरसमोर डोलावते तशी.
मी म्हटलं, थांबा,
तुमच्या काट्याचा बुडबुडा मधोमध नाहीये.
कसला बुडबुडा?
दाखवला त्याला, मागच्या कोपऱ्यात, गोल काचेत,
मागच्या बाकावरच्या पोरासारखा कडेला चिकटलेला.
काट्याचे पाय फिरवायला लावले. पंखा बंद करायला लावला.
रांगेतल्या बायका पदराने वारा घेत
मला शिव्या देत होत्या, हळू आवाजात.
एकोणीस पॉइंट पाच एक.

त्या दिवशीच्या भावाने तीनशे बारा रुपये जास्त.
आई बाहेर येऊन काही बोलली नाही.
स्टेशनसमोर दोन मसाला डोसे सांगितले,
एक बाबांसाठी बांधून घेतला.
डिग्री अजून हातात नव्हती,
तिची पहिली कमाई आम्ही चटणीसकट खाल्ली.

पाटल्या अजून तिथेच आहेत.
व्याज भरते, पावती नवी करून आणते.
एकदा ती पावती इथल्या काट्यावर ठेवली.
हा चौथ्या दशांशापर्यंत मोजतो,
दारं लावली की श्वाससुद्धा आत येऊ देत नाही.
आकडा आला, आणि त्याची नोंदही झाली.
नाडकर्णी मॅडमनी लेखी खुलासा मागितला.
मी लिहिलं: चुकून.

सकाळी साडेसहाला पाळी सुटते
त्याआधी बॅचवर सही करते.
तापाच्या नऊ लाख गोळ्या
माझ्या सहीवाचून गेटबाहेर पडत नाहीत.
घाडीगावकरांना हे सांगायचं राहूनच जातंय.

एकतीस हप्ते उरले.
आई विचारते, आलं का गं जवळ?
मी तिला ब्युरेटचं सांगते, थेंबाथेंबाने सोडायचं,
गुलाबी रंग येतो,
फ्लास्क हलवला की जातो,
पुन्हा येतो, पुन्हा जातो.
आई पीठ मळता मळता थांबते.
म्हणते, मग हलवू नकोस ना.